विनायकबुवांची उंची

सौसरच्या बाजारओळीत केशवरावांचं कापडाचं दुकान होतं, आणि त्यांच्या डोळ्यांतच मीटरपट्टी आहे असं लोक म्हणायचे. गिऱ्हाईक पायरीशी चपला काढून गादीवर टेकायच्या आत केशवराव थान उलगडत म्हणायचे, "तुमच्या सदऱ्याले अडीच मीटर पुरते जी. तीन नेऊन कायले वाया घालवता?" त्यांनी फाडलेलं कापड शिंप्याकडे कधी कमी पडलं नाही. दुकान बरं चालायचं, पण त्यांचा जीव काही दुकानात नव्हता. जीव होता कीर्तनात. मारुतीच्या देवळात कीर्तन असलं की सकाळपासूनच त्यांचं चित्त गादीवर नसे. सतरंज्या आल्या का, समयांत तेल आहे का, पेटीवाल्या भाऊरावाला सांगावा गेला का, हेच चालायचं. आणि कीर्तनाला पांढुर्ण्याचे विनायकबुवा यायचे असले, तर त्या दिवशी गिऱ्हाइकानं स्वतःच कापड मोजून न्यावं अशी पाळी यायची.

ज्यांनी विनायकबुवांना ऐकलं नाही त्यांना ते कसं सांगावं! पूर्वरंगात बुवा असे बोलायचे की जणू आपल्याच ओसरीवर बसून सुपारी कातरत सुखदुःख विचारताहेत. आणि उत्तररंगात आख्यान भरात आलं, झांज कडाडली, की देऊळ लहान पडायचं. पांढरं धोतर, गुडघ्याखाली येणारा अंगरखा, डोक्यावर केशरी फेटा. एखादी लेकुरवाळी रडत्या पोराला घेऊन लाजून उठायला लागली तर बुवा झांज थांबवून म्हणायचे, "बस माय, बस. त्याचा सूर माझ्यापेक्षा सच्चा आहे." बाई खाली बसायची, पोर गप्प व्हायचं, आणि सगळं देऊळ पोटभर हसून पुन्हा देवाकडं वळायचं. हे ज्याला जमतं त्याच्यावर देवाचा हात असतो, असं केशवराव म्हणत, आणि ते काही खोटं नव्हे.

असे हे बुवा अठ्ठ्याहत्तर साली गोकुळाष्टमीला यायचे होते, आणि आले नाहीत. त्या दिवशी पावसानं नुसता कहर मांडला होता. पांढुर्ण्याहून निघालेली बस मधल्या नाल्याशी थांबली, कारण पूल पाण्याखाली होता. बुवा खाली उतरले एवढं कंडक्टरला आठवत होतं. मागं फिरले की पुढं गेले, ते त्याला सांगता येईना. इकडं देवळात पाळणा सजलेला, लोक वाट पाहून पाहून उठून गेले. पूर ओसरल्यावर नाला धुंडाळला तरी काही सापडलं नाही, तेव्हा आठ दिवसांनी केशवरावांनीच पोलीस थाण्यात जाऊन बुवा हरवल्याची नोंद केली. वय बेचाळीस, रंग गहूवर्णी, वरचा समोरचा एक दात अर्धा तुटलेला, उंची पाच फूट दहा इंच.

मग बोलणारे बोलले. रामाकोना गावच्या कोणीतरी म्हणे बुवांना नागपुरात एका बाईसोबत पाहिलं. केशवरावांनी त्या माणसाशी बोलणं टाकलं. त्यांचा स्वतःचा हिशोब निराळा होता. बुवांना वैराग्य झालं, ते हिमालयात गेले. बद्रीनाथाहून आलेल्या एका यात्रेकरूनं तिकडं मराठी गाणारा एक साधू पाहिल्याचं सांगितलं, तेव्हापासून तर त्यांच्या मनात शंकाच उरली नाही. दर गोकुळाष्टमीला ते देवळात बुवांचा पाट मांडून ठेवत.

बुवांच्या पाठीमागं होती एक पोर, जयश्री. आई आधीच गेलेली, बाप हा असा गेला. नऊ वर्षांच्या तिला मालतीमावशीनं बोरगावला नेलं आणि आपल्या लेकरांत वाढवलं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात कवडू नावाचा मजूर त्याच नाल्याच्या वळणावर वाळू काढत होता. त्याच्या फावड्याला आधी एक जबडा लागला, मग हातभर अंतरावर कवटी. बाकी हाडं पुरानं कुठल्या कुठं नेली असतील, ती सापडली नाहीत. थाण्यानं वर कळवलं आणि सागरच्या विद्यापीठातून एक डॉक्टरबाई आल्या. औषधाच्या डॉक्टर नव्हेत. माणसाच्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या. नाव अनुराधाबाई. चाळिशीतल्या, बुटक्याशा, सुती पातळ, खांद्याला झोळी.

थानेदार यशवंतरावांनी केशवरावांना, पेटीवाल्या भाऊरावाला आणि बोरगावहून मावशी-भाचीला बोलावून घेतलं. टेबलावर पांढरं फडकं अंथरलेलं होतं. डॉक्टरबाईंनी हात धुतले, पदर खोचला, आणि कवटी पेटीतून काढण्याआधी तिला दोन्ही हात जोडले. ते पाहून केशवरावांना बाई एकदम आपल्यातल्या वाटल्या.

मग त्यांनी जबडा जागच्या जागी बसवला. पोलादी दांड्याची, दोन चोचींची एक मापपट्टी काढली. एक चोच नाकाच्या मुळाशी, दुसरी हनुवटीच्या टोकाशी. आकडा पाहिला, लिहिला, पुन्हा पहिल्यापासून मोजला. मग एका गालफडाच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत. तेही तसंच, फिरून फिरून. घाई नाही, बडबड नाही. सोनार तांबड्या गुंजेनं सोनं तोलतो तशी नजर. केशवराव श्वास रोखून बघत राहिले. मोजण्यावर ज्याचं पोट चालतं त्याला दुसऱ्याचं मोजणं लगेच कळतं, आणि हे मोजणं फार उच्च प्रतीचं होतं.

"पुरुष आहे," बाई म्हणाल्या. "वय चाळीसच्या आसपास. वरचा समोरचा दात जिवंतपणीच तुटलेला, कारण तुटलेली कड घासून गुळगुळीत झालीय. आणि चेहऱ्याच्या मापांवरून उंची साधारण पाच फूट तीन इंच. दोन-तीन इंच इकडेतिकडे धरा."

"तोंडावरून उंची?" भाऊरावाच्या तोंडून निघालं. "असं कसं होते बाई?"

"हात-पाय-तोंड एकाच अंगाचे ना, भाऊ? लांब माणसाचा चेहरा बहुधा लांब असतो. बहुधा म्हणते, नेहमी नाही. मांडीचं हाड मिळालं असतं तर मी जास्त छातीठोक सांगितलं असतं. पण मी चार वर्षं याच भागात फिरले. पांढुर्ण्याच्या बाजारात, संत्र्याच्या बगिच्यांत, शाळांत. शेकडो माणसांचे चेहरे मोजले, उंच्या मोजल्या आणि दोन्हींचा मेळ बसवला. परदेशातल्या लोकांवरून काढलेलं सूत्र आपल्या माणसांना लावलं तर चुकतं. म्हणून आपल्यासाठी आपलंच काढलं."

यशवंतरावांनी जुनी नोंद समोर ओढली. "दात मिळतो, वय मिळतं, जागा मिळते. पण उंची पाच दहा लिहिलीय. पाच तीन अन् पाच दहा! तीन इंच वर चढवले तरी पुरत नाही. तुटके दात तर या बाजारात शंभर सापडतील. मॅडम, मग हा तो माणूस नाही. अनोळखी म्हणून फाईल बंद करतो."

केशवरावांनी डोळे मिटून दोन्ही हात कपाळाला लावले. "मी म्हणतच होतो! बुवा जित्ते आहेत. पोरी, तोंड गोड कर, तुझा बाप जित्ता आहे!"

जयश्री भिंतीला टेकून उभी होती. सतरा वर्षांची, बापाचेच डोळे. ती हसली नाही की रडली नाही.

"जित्ते आहेत तं आले कायले नाही, काका?"

केशवराव गोंधळले. "अवो, वैराग्य झालं त्यायले. संन्याशाले मागं वळून पाह्यता येत नाही."

"एक पोस्टकार्ड बी टाकता येत नाही?" तिचा आवाज चढला नाही, पण थाण्यातला टाइपरायटर थांबला. "मागच्या महिन्यात पाहुणे येऊन गेले मले पाहाले. पोहे खाल्ले, चहा पेला, मग विचारलं, बाप कुठं असते? मावशीनं मान खाली घातली. ते उठून गेले. शाळेत पोरी म्हणत, तुह्या बापानं दुसरा घरोबा केला. आठ वर्षं झाली मी ऐकून राहिली. मले मेलेला बाप चालते, काका. टाकून गेलेला नाही चालत."

मालतीबाईनं तिला पदराखाली ओढलं.

डॉक्टरबाई मापपट्टी पुसत होत्या. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पाच दहा कोणी सांगितलं?"

"म्या," केशवराव म्हणाले.

"आणखी कोण सांगेल?"

"मी सांगतो ना," भाऊराव पुढं झाला. "मी पेटीवाला. आमची मान पेटीत. पण वर पाह्यलं का बुवा असे दिसत, घुमटाले फेटा टेकते का काय!"

"तुम्ही मावशी?"

मालतीबाई पदराआडून म्हणाल्या, "मी त्यायच्या बायकोची थोरली बहीण वो. सासूच्या जागी. त्यायच्यापुढं कधी मान वर केली नाही. पाय पाह्यले फक्त. उजव्या अंगठ्याचं नख दुभंगलं होतं, ते चालत असन तं सांगते."

यशवंतरावांनी हसू मिशीत दाबलं. "आणि तू गं?"

"मी खांद्यावर बसत जावो त्यायच्या," जयश्री म्हणाली. "तिथून हात वर केला का घराच्या छपराच्या कवेलूले लागे."

"बघा मॅडम. सगळे उंचच म्हणून राहिले. आणि केशवरावांची नजर म्हणजे मीटरपट्टी, सारं सौसर सांगेल."

"मोजलं मात्र कोणीच नाही," बाई म्हणाल्या आणि कवटी फडक्यात ठेवून तिच्यावर दुसरं फडकं पांघरलं. "फाईल उद्या सकाळपर्यंत राहू द्या, साहेब. माझी गाडी उद्याच आहे."

केशवरावांना त्या बाईंचं काय करू अन् काय नको असं झालं होतं. ज्या विद्येनं बुवांना मरणातून परत आणलं त्या विद्येची ओटी भरायला पाहिजे, या भावनेनं ते त्यांना आग्रह करून दुकानात घेऊन आले. पेढे मागवले, चहा मागवला. उभ्या-उभ्याच त्यांच्याकडं एकदा पाहून म्हणाले, "तुमची उंची पाच फूट दोन इंच. पातळावरच्या जम्परले एक मीटर लागन."

बाई खळखळून हसल्या. "अगदी बरोबर! दोन्ही. आता मी तुमची सांगू?" झोळीतून मापपट्टी निघाली. केशवराव चष्मा काढून शहाण्या मुलासारखे बसले. नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंत, गालापासून गालापर्यंत. थंड पोलाद लागलं तशी त्यांच्या अंगावर शिरशिरी आली. बाईंनी कागदावर गुणाकार केला, बेरीज केली. "पाच फूट सहा. इंच-दोन इंच मागंपुढं."

"पाच सात!" केशवरावांनी मांडीवर थाप मारली. "वा रे विद्या! देवानं माणूस घडवताना कोठी कोठी खुणा करून ठेवल्या, अन् तुमच्यासारख्याले त्या वाचाले लावलं. आमचे बुवा हे पाह्यते तं यावर आख्यान लावते, खरं सांगतो."

"सांगा ना बुवांबद्दल," बाई म्हणाल्या. "कसे होते?"

ज्याला जे सांगायचं असतं तेच कोणी विचारावं, मग काय! केशवरावांनी बुवांचा आवाज सांगितला, बुवांची झांज सांगितली, बुवांनी भरल्या देवळात एका भांडकुदळ सावकाराला कसं हसवत हसवत रडवलं ते सांगितलं. आणि शेवटी आवाज खाली आणून, कानात सांगावी तशी, त्यांनी ती गोष्ट सांगितली जी सौसरात लहान पोरालाही ठाऊक होती.

"आमच्या देवळाचं आतलं दार जुनं आहे, बुटकं. मी वाकतो, भाऊराव वाकते, मोठमोठे कलेक्टर येऊन कपाळ फोडून गेले. पण बुवा? कीर्तनाच्या आधी गाभाऱ्यातून माळ घालून निघत, अन् असे ताठ, हाती झांज, मुखी नाम. कधी वाकले नाहीत. फेट्याचा तुरा बी चौकटीले घासला नाही. पाच फूट दहा इंचाचा माणूस, वर फेटा! आम्ही सारे डोळ्यांनी पाह्यत आलो, बाई. बुवा आले का देवाची चौकट वर सरकते."

डॉक्टरबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, आणि तेच केशवरावांना पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं.

"ते दार मला दाखवाल?"

दुपारचं देऊळ रिकामं होतं. फरशी गार, उदबत्तीचा शिळा वास. दाराशी केशवराव सवयीनं वाकले आणि आत गेले. मागं वळून पाहतात तो बाई सरळ चालत आत आल्या, डोक्यावर पाच-सहा बोटं जागा ठेवून.

त्यांनी झोळीतून पट्टी काढून उंबरठ्यापासून चौकटीपर्यंत धरली. पाच फूट सात इंचाला एक दोरा कमी. केशवरावांनी आकडा पाहिला. मनात कुठंतरी बेरीज सुरू झाली आणि त्यांनी ती तिथंच थांबवली.

"बुवांचा फेटा केवढा असायचा?"

"चार बोटं, तुऱ्यासकट," केशवराव पुटपुटले.

"तुमची नजर मी दुकानात पाहिली, केशवराव. माझं माप तुम्ही उभ्या-उभ्या अचूक सांगितलंत. बुवांना कधी कापड फाडून दिलंत?"

"दर साल धोतरजोडी वाह्यली. पण धोतर तं साऱ्याइचं सारखंच. अन् बुवा कधी दुकानाची पायरी चढले नाहीत. मीच इथं आणून पायाशी ठेवो."

"पायाशी ठेवून उठल्यावर?"

"उठल्यावर…" केशवराव थांबले. "उठल्यावर मान खाली. हात जोडलेले."

"म्हणजे समोरासमोर, बरोबरीनं उभं राहून?"

केशवराव आठवायला लागले. अठरा वर्षं ऐकलं होतं बुवांना. जेवणाच्या पंगतीत बुवा पाटावर, केशवराव वाढायला वाकलेले. निरोपाला बुवा बसच्या पायरीवर, केशवराव खाली रस्त्यावर. कीर्तनात बुवा चौथऱ्यावर, आणि केशवराव खांबाशी मांडी घालून.

"तुमची रोजची जागा कुठली?" बाईंनी विचारलं.

ते जाऊन खांबाशी बसले. बाईंनी खुंटीवरचा देवळाचा मानाचा फेटा पाहिला. "चालेल का? बाईमाणसानं?"

"घाला," केशवराव म्हणाले. "बुवांनी कोणाले नाही म्हटलं असतं?"

फेटा डोक्यावर चढवून अनुराधाबाई चौथऱ्यावर, समयांच्या मधोमध उभ्या राहिल्या. पाच फूट दोन इंचाची बाई. केशवरावांनी मान वर केली आणि चष्मा नीट बसवून पुन्हा पाहिलं. चौथरा हात-दीड हात, त्यावर बाई, त्यावर फेटा, आणि हे सगळं जमिनीला टेकून बघणारे आपले डोळे. घुमटाला टेकायला फक्त कंदीलभर जागा उरली होती.

"आता सांगा. मी कोणी अनोळखी असते तर उंची किती सांगितली असती?"

"पाच आठ," केशवराव कसेबसे म्हणाले. "पाच नऊ बी म्हटली असती."

बाई फेटा काढून खाली आल्या आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. "मी हे लिहून देणार नाही की ती कवटी बुवांचीच आहे. माझी विद्या एवढी मोठी नाही. ती एवढंच सांगेल, की तो बुटका माणूस होता. बुवा बुटके होते की उंच, हे सौसरनं सांगायचं आहे. थानेदार तुमच्या शब्दावर थांबलेत. तुम्ही काय पाहिलंत, ते तुमचं तुम्ही ठरवा." मग उठताना म्हणाल्या, "पाच फूट तीन इंचाच्या माणसानं तुम्हाला हे देऊळ एवढं करून दाखवलं, केशवराव. मी शेकडो माणसं मोजली. असा एकही भेटला नाही मला."

त्या निघून गेल्या. केशवराव बसून राहिले.

हे सगळं नाकारायचं तर फार सोपं होतं. थाण्यात काही सांगायचंच नाही, फाईल बंद होईल. बुवा बद्रीनाथाला गात राहतील, येत्या अष्टमीला पुन्हा पाट मांडता येईल. त्या साधूला त्यांनी मनात किती वेळा पाहिलं होतं! बर्फ, गंगा, आणि भगव्या कफनीत उंचेपुरे बुवा. आज पहिल्यांदाच त्यांनी त्या साधूला विचारलं: बुवा, तुमची पोर बोरगावले आहे. तिले विसरले कसे हो? साधूला उत्तर देता येईना. भर देवळात रडतं पोर उठू न देणारा माणूस आपलं पोर टाकून आठ वर्षं पहाडात गात बसेल? मग हा कोण बसवून ठेवला आपण तिथं?

आणि दुसरीकडं तो नाला. बस थांबली, पूल बुडाला. शहाणा माणूस मागं फिरला असता. पण सौसरला पाळणा सजलाय, लोक बसलेत, केशवरावानं सतरंज्या अंथरल्यात. आखूड पायांचा, फेटा पिशवीत घातलेला एक माणूस धोतर वर खोचून पाण्यात उतरला. उंच असता तर कदाचित पार झाला असता. केशवरावांना हुंदका आला आणि त्या रिकाम्या देवळात त्यांनी तो आवरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते थाण्यात गेले तेव्हा जयश्री आणि मालतीबाई आधीच बाकावर बसल्या होत्या. डॉक्टरबाई झोळी घेऊन निघायच्या तयारीत होत्या. केशवरावांनी पोरीकडं पाहिलं नाही. ते सरळ टेबलाशी उभे राहिले.

"साहेब, माझा जबाब बदलाचा आहे. बुवांची उंची पाच फूट तीन इंच लिहा. चार लिहाल तं तेही चालन. जास्त लिहू नका."

यशवंतरावांनी पेन खाली ठेवलं. "केशवराव, आठ वर्षं पाच दहा होती. कोर्टात विचारतील, सात इंच गेले कुठं?"

"मी बसलेला होतो जी."

"काय?"

"बुवांले मी जलमभर बसून पाह्यलं. मी अन् साऱ्या सौसरनं. ते उभे, आम्ही बसलेले, नाही तं पायावर वाकलेले. बरोबरीनं उभं राहून त्यायले कोणी पाह्यलंच नाही. पण देवळाच्या दारानं पाह्यलं. ते दार पाच फूट सात इंचाले कमीच आहे, अन् बुवा फेट्यासकट त्याच्यातून ताठ जात. चला, तुम्ही स्वतः मोजून घ्या. भाऊराव बी सही देते. त्याले सकाळीच उठवून दारात उभा करून आलो."

"डोकं आपटलं ना माझं!" दाराशी उभा असलेला भाऊराव कपाळ चोळत म्हणाला. "पाच सातचा माणूस मी. नुसती टोपी होती तरी लागली. फेटा असता तं तुराच मोडला असता."

यशवंतरावांनी डॉक्टरबाईंकडं पाहिलं. बाई म्हणाल्या, "वय, दात, जागा, आणि आता उंची. तो माणूस नाही असं म्हणायला माझ्यापाशी काही उरलं नाही, साहेब." यशवंतरावांनी मिशीवरून एक बोट फिरवलं. मग शिपायाला दार मोजायला पाठवलं आणि नवा कागद घेतला.

"लिहा," केशवराव म्हणाले, "सौसरले कीर्तनाले येताना नाल्याच्या पुरात. येताना, असं लिहा. पळताना नाही. अन् लिहा का आवाज लय मोठा होता."

"आवाजाला इथं रकाना नाही, केशवराव."

"नसो. तरी लिहा."

थानेदारांनी लिहिलं की नाही कोण जाणे, पण पेन बराच वेळ कागदावर चाललं. मग ते स्वतः उठून बाकाशी गेले आणि जयश्रीला म्हणाले, "बेटा, कागद वर जाऊन येतील, मग तुझ्या वडलांच्या अस्थी तुझ्या हाती देतो. आणि बोरगावात कोणी विचारलं की बाप कुठं आहे, तर थाण्यात पाठव. मी सांगतो."

जयश्री तेव्हा रडली. आठ वर्षांचं सगळं एकदम रडली, मावशीच्या मांडीत तोंड घालून, आणि मालतीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत नुसतं "हो माय, हो माय" म्हणत राहिल्या. बाहेर पांढुर्ण्याच्या बसनं हॉर्न दिला. त्यांची गाडी तीच होती, तरी डॉक्टरबाई उठल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं जयश्रीनं डोळे पुसले. "काका, त्या दिवशी ते तुमच्याकडं काय सांगाले येऊन राहिले होते?"

"आख्यान? कृष्णजन्माचं, दुसरं कोणतं! वसुदेव टोपलीत लेकरू घेऊन भरल्या यमुनेत उतरते, ते."

"मले सांगा ना."

"मले कुठं येते माय? मी आयकणारा माणूस."

"अठरा वर्षं आयकलं ना?"

केशवरावांनी भाऊरावाकडं पाहिलं, भाऊरावानं थानेदारांकडं, आणि थानेदारांनी छताकडं. कोणी नको म्हटलं नाही. केशवरावांनी घसा साफ केला. गाणं त्यांच्या गळ्यात नव्हतंच, म्हणून ते नुसतं सांगायला लागले, बाजारात दर सांगावा तशा आवाजात: त्या रात्री पाऊस असा होता, का हाताले हात दिसत नव्हता…